मी जबाब फिरवला न्हाई

माझं माहेर श्रीगोंद्याकडं, उसाच्या पट्ट्यातलं. लगीन होऊन केडगावात आले. आमचे मालक शाळेची व्हॅन चालवायचे, आन मी घरी भाकऱ्या करून मेसला द्यायची, अजून बी देते. मानूस बोलायला लई गोड, गल्लीतली सगळी लेकरं त्यांच्याच गाडीत, माझी शीतल बी त्यातच.

शेजारची एक पोरगी, तिचं नाव मी घेनार न्हाई, तवा तिसरीत हुती. माझ्यापाशी बसून गरम भाकरी आन गूळ खायची. मग एकाएकी उंबऱ्यावरच थांबायला लागली. काकू, काका हायेत का घरात, असं इचारायची, आन मी व्हय म्हनलं की माघारी पळायची. मला वाटलं, गाडीत दंगा केला असल, रागावले असतील. काय सांगू तुमाला, मला तेवढंच वाटलं.

पुढं तिच्या आईनं मालकांवर पोलिसात केस केली. शीतलला मी किती येळा इचारलं, तुला कधी काय केलं का गं, ती न्हाई म्हनली, तरी मी इचारतच राहिले. नगरच्या कोर्टात मला बी बोलावलं, आन मी बघितलं तेवढंच सांगितलं, थांबायची, इचारायची, पळायची. बाकीचं त्या पोरीनं तिचं तिनं सांगितलं हुतं. मालकांना शिक्षा झाली. मी काय हौसंनं बोलले न्हाई हो.

मग निघालं अपील, संभाजीनगरला, हायकोर्टात. सासूला मी आत्याबाई म्हनते, त्या वकिलाला घेऊन घरी आल्या, माझे हात पिठातच हुते, तर म्हनल्या, सूनबाई, हितं सही कर, पोलिसांनी दम देऊन तुझ्याकडनं वदवून घेतलं असं लिहिलंय. मी म्हनलं, आत्याबाई, मला कुनी दम दिला न्हाई. तर त्या माझ्या पायाशी बसल्या. सासू, आन माझ्या पायाशी! एकुलता एक हाय गं माझा, म्हनल्या, तुझं बी कुंकू हाय. आता ह्याला काय बोलायचं? मी म्हनलं, आधी मी त्यांना भेटून येते.

जेलात गेले. मधी काच, फोनवर बोलायचं. मी म्हनलं, माझ्याकडं बघून एकदा म्हना, मी केलं न्हाई. म्हना, की मी लगेच जाऊन सही करते. त्यांनी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. मग म्हनले, वकील चांगला हाय, अपिलात सुटू आपन. मी म्हनलं, तसं न्हवं, केलं न्हाई म्हना. तर म्हनले, शीतलची परीक्षा कशी गेली? मी फोन ठेवला.

सही केली न्हाई. तवापास्नं आत्याबाई माझ्या हातचं पानी बी घेत न्हाईत. भाऊ म्हनतो, ताई, नवऱ्याच्या विरोधात कुनी जातं का. शेजारची मंडळी कवाच घर सोडून गेली, कुठं गेली ते मी इचारलं न्हाई, कुठल्या तोंडानं इचारू?

अपील अजून चालूच हाय, नुसत्या तारखा पडत्यात. शीतल आता मोठी झाली. परवा म्हनली, आई, पप्पा सुटले तर आपल्याकडंच येतील का गं? मी म्हनलं, न्हाई. ती माझ्याजवळ सरकून बसली. हायकोर्टानं काय ठरवायचं ते ठरवावं, ते माझ्या हातात न्हाई. माझी हाय आन ती शेजारची बी हाय, दोघी पोरींना देवानं सुखात ठेवावं, दुसरं काय मागू मी.