मागच्या सीटवरचं ड्रायव्हिंग (जुबैल, सौदी अरेबिया, २०१५)

आमच्या नामिबियाच्या ट्रिपचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, पण खरी गोष्ट माझा नवरा सुहास मरेपर्यंत सांगणार नाही. म्हणून मीच सांगते.

इथे जुबैलला दर शुक्रवारी आपले हे इंजिनिअर वाळवंटात जीप घालतात, रुतवतात आणि तासभर ढकलतात. बायकांना गाडी चालवायला बंदी, म्हणून आपण थर्मास सांभाळत मागे बसायचं. सहा वर्षं मी तेच केलं.

नामिबियातही सुहासने भाड्याची जीप वाळूत घातलीच. ट्रिपला बरोबर आलेले जोशी भावजी शेजारच्या सीटवरून ओरडतायत, "रेस कर, रेस कर!" आणि गाडी आणखी खाली. तिथला एक माणूस ओढून काढायला दोर घेऊन हसत उभा.

मी म्हटलं, "सुहास, उतर. मी काढते."

"अगं, सहा वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाहीस तू!"

"हात लावायला बंदी होती. बघायला नव्हती."

दोघांना चारही चाकांतली निम्मी हवा सोडायला लावली, चाकांपुढची वाळू उपसायला लावली, आणि ब्रेकला पायही न लावता गाडी सावकाश कडक जमिनीवर आणली. दोरवाल्याने टाळ्याच वाजवल्या. "मॅडम, कुठे शिकलात?"

"सौदीत," मी म्हटलं, "मागच्या सीटवर."

उरलेले आठ दिवस गाडी मीच चालवली. आता परवाच्या शुक्रवारी इथे वाळू लागल्याबरोबर सुहासने जीप थांबवली, मागे वळला आणि सगळ्या मित्रांदेखत मला विचारलं, "किती हवा सोडू गं?"