उजव्या हातातला टाळ

(छत्रपती संभाजीनगरातला एक दवाखाना. संध्याकाळ. आत सोनाजी खाटेवर. बाहेर त्यांची बायको मंजुळाबाई, मुलगा हनुमान आणि डॉक्टर मेघा.)

डॉ. मेघा : मावशी, दवाखान्यात कधी आणलं ते मला माहीत आहे. मी विचारतेय, त्रास पहिल्यांदा कधी दिसला?

मंजुळाबाई : तेच सांगते की बाई. चितेगावात सप्त्याचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. ह्ये टाळ घेऊन पुढंच उभे. महाराज कृष्णाच्या खोड्या सांगायला लागले, माणसं हसून बेजार. अन् ह्यांच्या उजव्या हातातला टाळ गळला. दोरीला लोंबकळाया लागला. डाव्या हातातला तेवढा हलत व्हता.

डॉ. मेघा : तेव्हा किती वाजले होते?

मंजुळाबाई : कीर्तनात घड्याळ कोण बघतं?

हनुमान : मॅडम, काला दहाला उभा राहतो, बाराला हंडी फुटती. खोड्या म्हंजे अकराच्या आतबाहेर. मी शेंद्र्याला कंपनीत व्हतो. मला फोन आला चारला.

डॉ. मेघा : अकरा.

हनुमान : मेंदूतली रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन असतं ना? आमच्या लाइनवरच्या एकाला लकवा झाल्यावर दिलतं. चालत घरी गेला तो.

डॉ. मेघा : ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. मोठ्या नळीतली गाठ तार घालून काढता येते, पण यांची आत, बारीक नळीत आहे.

हनुमान : माय, एवढा येळ काय करत व्हते तुम्ही?

मंजुळाबाई : तोंड एकीकडं ओढलं व्हतं. डोळ्यात पाणी. देवाचं नाव घेत व्हते, पण शब्द बोबडा यायचा. समदे म्हणले, भाव लागला. सात दिवसांचा नेम फळाला आला. विण्याजवळ बसवलं, महाराजांच्या गळ्यातला हार ह्यांना घातला. बाया रांगेनं पाया पडल्या.

हनुमान : अन् महाराजांनी बी बघितलं नाय?

मंजुळाबाई : त्यांना बोल लावू नको. लई गोड सांगितलं त्यांनी. मला तर वाटलं, आपल्या घरी देव आला.

डॉ. मेघा : मग लक्षात कधी आलं?

मंजुळाबाई : पंगतीत. घास तोंडातून खाली पडाया लागला. गोजरबाई म्हणली, ह्यो भाव नव्हं, माझ्या सासऱ्याला असंच झालतं. मग जीप शोधली. ड्रायव्हर जेवाया बसलेला.

डॉ. मेघा : बीपीची गोळी चालू होती ना?

मंजुळाबाई : सप्त्यात बंद केलती. गोळीनं उपास मोडतो म्हणले. मी म्हणलं, घ्या हो. तर हसले. म्हणले, सात दिवस त्याच्यावर सोड.

हनुमान : अन् तंबाखू? तिनं नाय मोडला उपास?

मंजुळाबाई : ती चालती म्हणले.

डॉ. मेघा : मावशी, माझे आजोबाही टाळकरी होते. गोळी गिळून उभे राहायचे कीर्तनाला. देव कुणावर रुसला नाही.

मंजुळाबाई : हे कुणी आधी सांगितलं असतं तर.

डॉ. मेघा : आता तुम्ही सांगा गावात. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी माणसाला तिथूनच गाडीत घालायचं. कीर्तन थांबलं तरी चालेल.

हनुमान : आबांचं सांगा. अभंग म्हणता येईल का त्यांना?

डॉ. मेघा : व्यायाम देऊ, बोलायला शिकवू. किती परत येईल, ते आज मला नाही सांगता येत.

हनुमान : पैशाचं बघू नका मॅडम. पुण्याला न्यायचं असंल तर नेतो.

डॉ. मेघा : पुण्यालाही हीच वेळ लागू असते.

हनुमान : माय, रडू नको. कुणाला कळतं असलं.

मंजुळाबाई : त्यांना कळलं व्हतं रे. समद्यांचं झाल्यावर मी पाया पडाया वाकले. तर डाव्या हातानं माझा दंड गच्च धरला, सोडीनात. मला वाटलं आशीर्वाद देतेत. मी तो हात सोडवला, माझ्या डोक्यावर ठेवून घेतला, अन् पंगत वाढाया गेले.