सरळ शिक्का

नाव काशीवारा तोमिए, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (पाइप फिटिंगच्या कारखान्यात तपासनीस), राहणार हिकोने, स्टेशनच्या मागे.

ठाण्यात आपणहून हजर राहून सांगते की, मी सदर कारखान्यात एकोणीस वर्षे आहे. आमच्याकडे पोलादी एल्बो, म्हणजे पाइप वळवायचे कोपरे, बनतात. प्रत्येकात पाणी भरून तीस किलोचा दाब देतात आणि पाच मिनिटे काटा पाहतात. हे काम मिझोगुची (वय ६४) करतात. काटा उतरला नाही तर मी तपासणीच्या दाखल्यावर माझ्या आडनावाचा शिक्का मारते. डावीकडच्या चौकटीत कारखानाप्रमुख हात्ताने यांचा शिक्का असतो.

हाताखालच्याने आपला शिक्का साहेबांच्या शिक्क्याकडे जरा कलता मारायचा, म्हणजे तो कमरेत वाकल्यासारखा दिसतो, अशी आमच्याकडे रीत आहे. मला ती कधीच आवडली नाही. तरी मी तसाच मारत आले.

दि. १० ऑगस्ट रोजी ओबोनसाठी (पितरांच्या सणासाठी) मला दुपारीच माहेरी निघायचे होते. हात्ताने म्हणाले, "सहा कोरे दाखले मारून ठेवा. मिझोगुची तपासेल, मी आकडे भरतो." मी मारले. त्यांची चौकट रिकामी होती. वाकायला समोर कोणी नव्हते, म्हणून माझे शिक्के सरळ पडले.

दि. ११ रोजी पंपाचा काटा अडकू लागला. मिझोगुचींनी हात्तानेंना सांगितले, "काटा मेलाय. सुट्टीनंतर तपासू." तरी हात्तानेंनी माझ्या कोऱ्या दाखल्यांवर आकडे भरले आणि माल न तपासताच गेला, हे मला मिझोगुचींकडून नंतर कळले.

दि. ३ सप्टेंबर रोजी कागद गिरणीत त्यातला एक एल्बो फुटला. वाफेने भाजून जोडारी इनामुरा (वय २७) मयत झाले. मी त्यांच्या घरी उदबत्ती लावायला गेले. त्यांच्या आईने मला चहा दिला. मी कोण, हे मी सांगितले नाही. त्याची मला लाज वाटते.

काल हात्ताने म्हणाले, "काशीवारासान, नशीब समजा. दाखल्यावरचा शिक्का सरळ आहे. तुमचा कधी सरळ असतो का? तुमच्या ड्रॉवरमधून घेऊन आपणच तो मारला, असं मिझोगुची कबूल करतोय. तुम्ही फक्त 'माझा नाही' म्हणा."

मी मिझोगुचींना पंपाजवळ गाठले. "डोकं फिरलंय का तुमचं?"

"मार्चमध्ये मी निवृत्तच होतोय. एकटा जीव. तुमची पोरगी अजून शाळेत जाते."

"म्हणून तुरुंगात जाणार?"

"तिथे काटा बघत बसायला नको," असे म्हणून ते हसले. मला त्यांचा भयंकर राग आला.

मिझोगुचींनी माझा शिक्का कधी हातातही घेतलेला नाही. ते खोटे सांगत आहेत आणि ते माझ्यासाठी सांगत आहेत. मुलीला सकाळी सर्व सांगून आले आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'कोऱ्या दाखल्यांवर शिक्का मारला गेला' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'मी शिक्का मारला' असे केले आहे. बाकी बरोबर आहे.