सिंह तिनंच काढलाय

— नाही बाई, भांडायला नाही आलो मी. आवाजच माझा मुळात असा आहे. मी एवढंच विचारतोय, की 'मला काय छान जमतं' म्हणून वर्गातल्या सगळ्या पोरांची चित्रं भिंतीवर लागली — कुणाला नाडी बांधता येते, कुणाला उड्या मारता येतात, हा तर बघा, याला नुसतं केळं सोलता येतं, त्याचंही लागलं! — आणि आमच्या नातीचा सिंह तेवढा तुमच्या टेबलाखाली गुंडाळून? सिंह म्हणजे धाडस. धाडस जमतं तिला. अहो, मदत कसली? हातसुद्धा लावला नाही मी. पेन्सिलीला टोक काढून दिलं, बास — बरं, बाहेरची रेघ मारली. रेघच ती! मग पंजे. पंजे काही तिला जमेनात, म्हणजे ती दुपारची झोपली होती, जमणार कसे? पण कल्पना तिचीच हं! म्हणजे तिला मांजर काढायचं होतं, मी म्हटलं सिंह काढू, ती म्हणाली, काढा. विचारून काढलाय मी.

हसू नका. ही आयाळ बघा — तीन प्रकारचे पिवळे आहेत त्यात. सूनबाईचा गालाला पावडर लावायचा ब्रश घेतला त्यासाठी. तिला सांगू नका, ती अजून शोधतेय. लहानपणी आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी माझा घोडा उंच धरून विचारलं होतं, 'या टेबलाला शेपूट कशाला?' अख्खा वर्ग हसला. त्यानंतर आयुष्यभर मी सही सोडून काही काढलं नाही. लाज वाटायची हो. आणि उद्या सगळे आईबाप ही भिंत बघायला येणार — वाटलं, एकदा तरी, कुणाच्या का नावावर होईना, माझं चित्र भिंतीवर... म्हणजे तिचं! तिचं चित्र.

काय? तिचंही लागलंय? वर्गात काढलेलं? कुठे, खिडकीपाशी? थांबा, चष्मा लावतो — ही तोंडावर हात ठेवलेली ती. बरं. आणि हा फरशीवर पालथा पडलेला टकलू कोण? त्याच्यापुढे हा सहा पायांचा... सिंह आहे होय हा? खाली तुम्ही लिहिलंय ना, ती सांगेल तसं? 'मला गुपित ठेवता येतं. आजोबांनी सिंह काढला, हे मी कुणालाच सांगितलं नाही.'

...

नाही, राहू दे. काढू नका ते. टक्कल माझं एवढं नाहीये, पण राहू दे. म्हणजे लागला की हो माझा सिंह भिंतीवर! दोन पाय जास्तीचे आलेत, पण लागला. माझ्या नावासकट.

फक्त बाई, या टकलूच्या हातातला ब्रश तिनं गुलाबी दांडीचा काढलाय. अगदी तसाच आहे तो. आणि सूनबाई येणार आहे उद्या. एक निळा खडू द्या जरा. एकच रेघ मारतो — नाही? मुलांच्या चित्राला मोठ्यांनी हात लावायचा नाही?

बरं. येतो मी. ब्रश धुवायचाय.