अकरा बंद घरांचा शब्द

माजं नाव विमल, म्हायेर वेळणेश्वराच्या वरच्या अंगाला, घरातून दर्या दिसायचा पन जायला तासभर उतरावं लागायचं, बाप लोकांच्या बागेत आंबे उतरवायचा, आमी पाच भावंडं, मी मधली, सातवी झाली नि शाळा सुटली, सुटली म्हंजे सोडवलीनी. एकोनिसाव्या वर्षी ह्या गावात आली. नवरा मुंबईला एका कँटीनमध्ये भटारखान्यात, शिमग्याला यायचा नि गनपतीला यायचा, मानूस चांगला हो, कधी आवाज चढवलान नाय. मोठ्या घरात दिराच्या हाताखाली नको म्हनून त्यानं पऱ्याच्या, म्हंजे ओढ्याच्या, अलीकडे दोन खोल्या चिऱ्याच्या बांधल्यान, नि त्याला कावीळ झाली नि तो गेला. मुलगी तेव्हा सहावीत, मुलगा तिसरीत. दोघं आता मार्गाला लागली.

आदी गाव सांगतंय म्हंजे तुमाला कळंल. दोन वाड्या. वरची वाडी नि आमची खालची वाडी, मधी पऱ्या. उन्हाळ्यात त्यात पाय भिजायला पानी नसतं, पन आषाढात त्याचा आवाज घरात ऐकू येतो, बोलायला लागलो तर वरडून बोलावं लागतं. शाळा वर, रेशन वर, एष्टी वर. नि आमाला जायला साकव, तो पन कसला, पोफळीचे चार ओंडके टाकलेले, हात धरायला वेलदोरी. माज्या सासूला श्रावणात छातीत कळ आली तेव्हा चार जनांनी खुर्चीत बसवून त्या ओंडक्यांवरून नेलंनी, मी मागून चालतंय नि खुर्ची हलतेय, काय सांगू तुमाला, मी देवाचं नाव पन विसरली. म्हातारी वाचली तेव्हा. पन तवापासून माज्या डोक्यात एकच, पक्का साकव पायजे, गाडी जाईल असा. आप्पांनी तीन वेळा होय म्हटलंनी. आप्पा म्हंजे माजे थोरले दीर, गावचे गावकार, गावकीत त्यांचा शब्द पयला. वरच्या वाडीत सभामंडप झाला, त्याच्याम्होरं फरशी झाली, दिवे लागले. साकवाचं नाव काढलं की म्हनायचे, विमल, बघू गो, घाई काय.

सरपंच आमच्या गावात निवडून येत नाय. हसू नका, खरं सांगतंय. निवडनूक कागदावर, खरं ठरतं ते सहानेवर, पालखीच्या चौथऱ्यावर. शिमग्यात देवीची पालखी गावातली घरं घेते, शेवटी सहानेवर येऊन बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी भरते, मुंबईकर पन असतात. तिथं नाव ठरतं, मग बाकी कोनी फारम भरायचा नाय, बिनविरोध. मी लग्न होऊन आल्यापासून ह्या गावात सरपंचासाठी एकदा पन मत पडलेलं नाय. नि नाव ठरवायचं कसं, तर एक घर एक शब्द. घर म्हंजे कुठलं, तर जिथं पालखी बसते नि ओटी भरली जाते ते. गुरव पालखीच्या वाटेच्या क्रमानं घरं पुकारतो, तोंडपाठ आहेत त्याला, नि घरचा पुरुष उठून नाव सांगतो.

आता माजं घर बघा. माज्याकडे पालखी येत नाय. मोठ्या घरी बसली म्हंजे तुज्याकडे बसली असं आप्पा म्हनायचे. म्हनून माज्या घराला शब्द नाय. तीस वर्षं झाली घराला, ह्या हातांनी सारवलंय, पन ते घर नव्हं. आधी वाईट वाटायचं, मग राग यायला लागला, राग बरा, रागानं काम होतं.

काम काय करते तर बंद घरं राखते. वरच्या वाडीतली निम्मी घरं कुलपात. मानसं मुंबईला, विरारला, पनवेलला. किल्ल्या माज्याकडे. आठवड्याला एकदा उघडायचं, झाडायचं, वाळवी बघायची, देवाजवळ दिवा लावायचा, पावसाच्या तोंडावर माडाची विणलेली झापं बांधायची. अकरा घरं. कुठल्या दाराला कुठे हिसका द्यावा लागतो ते मला ठाऊक, मालकाला ठाऊक नाय.

तर झालं काय, मागच्या दोन वर्षांत बंद घरं गळायला लागली. दार बंद म्हंजे पालखी दारावरून म्होरं, तीनदा तसं झालं की गुरव ते घर पुकारायचं सोडतो. वरच्या वाडीचे शब्द कमी नि खालची वाडी राहती, तिचे सगळे शाबूत. आप्पांच्या लक्षात आलं. गेल्या शिमग्याला त्यांनी नवा नियम केलानी, बंद घर असलं तरी कोनीतरी उघडून पालखी घ्यावी, ओटी भरावी, जो ओटी भरेल तो त्या घराचा शब्द देईल. सगळ्यांनी माना डोलावल्यानी. आप्पांना वाटलं चुलतभाऊ येतील, पुतने येतील, मुलगा येईल, कुलपं उघडतील. किल्ल्या कोनाकडे आहेत हे इचारायचं कोनाला सुचलं नाय. मी तिथंच पायरीखाली उभी व्हती, चहाचे पेले गोळा करत. मी ऐकलं नि गप बसली. घरी आली नि रात्रभर नाय, पन दोन घटका हसत बसली एकटीच.

नि ह्या वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव पडलं. आप्पांनी ठरवलंनी मनीषा, त्यांची सून. पोरगी गुनी हो, मला काकी म्हनते, पन ती रत्नागिरीत फ्लॅटवर राहते नि सही करायला महिन्यातून दोनदा यायची असं ठरलेलं. म्हंजे सरपंच आप्पाच. आमच्या वाडीतल्या बायका माज्याकडे आल्या नि म्हटलंनी, विमलताई, तू उभी राहा, साकव तू आनशील. मी म्हटलं, अगो, मला सहानेवर बसायला मिळत नाय, नि सरपंच काय. पन मनातल्या मनात घरं मोजत व्हती.

शिमगा आला. मुलांच्या परीक्षा, कोनाला रजा नाय, मुंबईकर थोडे आले. एकेकाचे फोन मलाच, वहिनी, पालखी तुमीच घ्या, ओटी तुमीच भरा, तुमी घरच्याच. मी बरं म्हटलं. सात जनांना मी नीट इचारलं, गावकीत तुमच्या घराचा शब्द मी देऊ का, ते म्हटलंनी द्या, आमाला काय त्यातलं कळतंय. चार जनांना इचारलं नाय. खोटं कशाला सांगू, इचारलं असतं तर नाय म्हटलं असतंनी. ते माज्या मनाला लागून आहे अजून.

पालखीचा दिवस तर काय सांगू तुमाला, एका घरात पालखी बसली, ओटी भरली, की मी मागच्या दारानं बाहेर, परसातून, गडग्यावरून उडी, म्होरल्या घराचं कुलूप काढ, रांगोळीचं बोट ओढ, पाट मांड, नारळ-तांदूळ ठेव, तोवर ढोल दारात. पुन्ना तसंच. पदर खोचलेला, पायात वाहान नाय, वय पंचावन्न. पालखीबरोबरचे खेळे हसायला लागले, म्हनायला लागले, काकी पालखीच्या आदीच पोचतेय. हसा म्हटलं. अकराव्या घरात मला बसताच येईना, भिंतीला टेकून ओटी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी. सहानेवर पुरुष, मी खाली पायरीजवळ. गुरवानं घरं पुकारायला सुरवात केलीन. मोठं घर, आप्पा उठले, मनीषा. म्होरलं घर, मनीषा. मग पहिलं बंद घर पुकारलान, कोनी उठेना. मी म्हटलं, विमल. सगळ्यांनी मागं वळून बघितलंनी. आप्पा म्हटलंनी, तू कशी? म्हटलं, आप्पा, नियम तुमचाच, ओटी मी भरलीय. गुरवाकडे बघितलंनी. गुरव म्हातारा, कोनाच्या अध्यात ना मध्यात, म्हटलान, होय, तिनंच भरलीय, मी नारळ तिच्या हातून घेतलाय.

मग एक मुंबईकर उठला, त्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी बबन, पालखी झाल्यावर रातीच्या गाडीनं आलेला, म्हटलान, पन ही नवरा गेलेली बाई, हिनं ओटी भरायची कशी, ती ओटीच धरू नका. तेव्हा माजं डोकं फिरलं हो. मी पायरी चढली. सहानेवर बाई चढत नाय, मी चढली. म्हटलं, बबन, तुज्या घरात पाच वर्षं देवाजवळ दिवा कोन लावतेय, नि काल ओटी कोनी भरली? तेव्हा देवीला चालली, तुला चालली, फोन करून तूच सांगितलंस, वहिनी, ओटी तुमीच भरा. पालखी माज्या दारातून मागं फिरली काय? नाय फिरली. देवीनं घेतलान नि तू नको म्हनतोस, तू कोन तिच्यावरचा? बबन बसला. गुरवानं म्होरलं घर पुकारलान.

अकरा घरं मी बोलली. खालच्या वाडीतले पुरुष घाबरत घाबरत विमल म्हनायला लागले, एक म्हटलान, दुसरा म्हटलान. शेवटी माज्या बाजूला तीन शब्द जास्त. नि गंमत बघा, माज्या सोताच्या घराचा शब्द नाय तो नायच.

आप्पा उठले. आवाज शांत व्हता, ते चिडले की शांत बोलतात. म्हटलंनी, शब्द झाले, ठीक, पन जुना रिवाज आहे, नाव एकमुखी पायजे. एका घराची हरकत आली तरी नाव पडतं. माजी हरकत आहे. खरंच आहे तो रिवाज, मला ठाऊक व्हता, पन कधी वापरलेला बघितला नव्हता. आप्पा म्हटलंनी, आता मनीषाचं नाव घ्या.

मी म्हटलं, घ्या. नि माजी हरकत, बबनच्या घराची. पायजे तर बाकीच्या दहा घरांची पन घेते, एक एक करून.

ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले, इकडून तिकडून समजावलंनी, भावकीचं सांगितलंनी, सासूचं नाव काढलंनी. मी हललीच नाय. नाव ठरलं नाय. पयल्यांदा गावकी नाव न ठरवता उठली.

मग मी तहसीलला जाऊन फारम भरला. मनीषाचा पन भरलानी. त्यानंतर आमच्याकडे जाणं-येणं तुटलं. मोठ्या घरातून नव्या आंब्याचा वाटा यायचा, तो आला नाय. आठवड्यात पाच घरांच्या किल्ल्या मागून घेतल्यानी, त्यात ते न इचारलेले चौघं आलेच. मी दिल्या, पुसून दिल्या. त्यांचं मी मागून घेतलं नव्हतं, तो राग त्यांचा बरोबर आहे. पन आप्पांची हरकत त्यांच्यापायी नव्हती, साकवापायी पन नव्हती, बाई पायरी चढली त्यापायी व्हती. मुलगा म्हनतो, आई, कशाला भांडन घेतेस, मुलगी म्हनते, आई, हरलीस तर? तिला म्हटलं, हरली तर हरली, मोजून हरेन. आजवर न मोजताच हरत आली.

आता रविवारी मतदान. शाळेत मशीन येनार. मी घरोघर फिरतेय, वरच्या वाडीत पन जाते, कोन दार लावून घेतो, कोन पानी देतो. परवा बायजाकाकीकडे गेली, ऐंशीच्या वर वय, आप्पांच्या शेजारची, दारात सुपात तांदूळ निवडत बसलेली. मला बघून म्हटलान, विमल, तुला मत देनार नाय हां, आप्पांचं मीठ खाल्लंय मी. म्हटलं, बरं काकी. मी उठायला लागली तर हात धरलान. म्हनते, पन मला येतं का गो देता? आमदाराला देते ते ठाऊक हाय, गावच्या सरपंचाला कधी दिलं नाय, मला इचारतील का तिथं? म्हटलं, तुलाच इचारतील, दुसऱ्या कोनाला नाय, तुज्या बाजूला कोन उभं पन राहू शकत नाय. तिनं सूप बाजूला ठेवलान. मग म्हटलान, पन मला चालत जायचं जमायचं नाय, घेऊन कोन जाईल?

म्हटलं, मी येते न्यायला. तू मत मनीषालाच दे.