धोंडूबाबाची अळंबीची जागा

अळंबीचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो. एकाहत्तर साली मी अकोले तालुक्याच्या डोंगरात मास्तर होतो. गावातला धोंडूबाबा श्रावणात टोपलीभर अळंबी आणायचा, पण कुठून ते सख्ख्या पोरालाही सांगायचा नाही. "त्यो समदी उपटून बाजारात नेईल," म्हणायचा.

एके सकाळी मला म्हणाला, "गुर्जी, चला, जागा दावतो."

हिरड्याच्या दाट रानात त्यानं मला एका वारुळापाशी नेलं. भोवती पांढरी अळंबी नुसती पसरली होती. त्यानं उमललेली तेवढी खुडली, कळ्यांना हात लावला नाही.

मी विचारलं, "बाबा, पोराला नाही आणि मला कशी दाखवलीत?"

तो नुसता हसला. मास्तरकीचा मान समजून मी मनातल्या मनात फुगलो.

पुढं माझी भिंगारला बदली झाली. दोन वर्षांनी त्याचा पोरगा लहानू दारात उभा. "बा गेला, गुर्जी. जागा तेवडी सांगा."

मी कागदावर ओढा काढला, कातळ काढला आणि पेन्सिल तिथंच थांबली. कातळापासून कुठं वळायचं, ते काही केल्या आठवेना. चव मात्र अजून जिभेवर होती.

लहानूनं चहा संपवला. "ऱ्हाऊ द्या, गुर्जी. कुनाला तरी दावल्याबिगर बाचा जीव ऱ्हाईना. तुमी इसरनार हे त्याला ठावं हुतं, म्हून तुमाला दावली."