पंडुमाच्या सकाळी सिस्टर

माननीय अध्यक्ष गुणवंतराव, मंचावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती संघप्रिया सिस्टर, आणि जंगल तुडवत कुरखेड्याले आलेल्या माझ्या बाया-भावांनो, सर्वांना सेवा जोहार, जय भीम.

मी सोनीबाई, तुमची उपसरपंच. आमच्या दवाखान्यातल्या या नर्सबाई, आपल्या सिस्टर, रिटायर होऊन राह्यल्या, म्हणून आज मले बोलाचं आहे.

आमच्या गावात गुरुजींच्या दारी पाडव्याले गुढी उभी राहते. सिरोंच्याकडचे दुकानदार त्याच दिवशी उगादीची आंबट-कडू पचडी वाटतात. सिस्टरचं नवं वर्ष एक जानेवारीले, बुद्धवंदनेनं. अन आमचं? नव्या मोहाची फुलं देवाले वाहून पंडुमाचा सण केल्याशिवाय आमी ती तोंडात घालत नाई. मीच म्हटलं होतं, "सिस्टर, आमचंबी नवं वर्ष पाहाले या ना."

त्या पंडुमाच्या सकाळी मी, माझा नवरा बिरजू अन सिस्टर मोहाखाली गेलो. मी वाकून फुलं वेचत होती. झुडपातून अस्वल आलं. त्यानं मले पाडून तोंड फाडलं. हा डोळा तिथंच गेला. बिरजूनं कुऱ्हाड मारली, तर ते त्याच्यावर उलटलं. त्याच्या मानेचं हाड मोडताना मी ऐकलं. मंग ते परत माझ्यावर आलं. समारंभात असं सांगू नये, कळते मले. पण गोड करून सांगितलं तर सिस्टर काय आहेत, हे तुमाले कसं समजन?

बिरजूची कुऱ्हाड सिस्टरनं उचलली अन अस्वलाच्या तोंडावर घाव घातले. त्यानं त्यांचा दंड चावून फोडला, तरी त्या मारतच राह्यल्या. "सोड तिले! सोड!" शेवटी रक्तानं आंधळं झालेलं अस्वल नाल्याकडे पळालं.

पदर फाडून त्यांनी माझा लोंबता गाल बांधला. मी म्हटलं, "आधी बिरजूले पाहा."

"बिरजूभाऊ गेले, सोनीबाई. पण तुले मी जाऊ देणार नाई."

पुढच्या चैतात गाव भांडलं. परकी बाई नेली म्हणून देव कोपला, असं काही जण म्हणत. तवा आमच्या देवाचे पुजारी जंगूभाऊ उठले. "बिरजूच्या मढ्याजवळून जी पळाली नाई, ती परकी काऊन?" त्यांनी पहिली फुलं सिस्टरच्या ओंजळीत घातली. अस्वलानं फोडलेला त्यांचा हात वर जाईना. मी खालून आपला हात लावला.

सिस्टर, गाव तुमचे उपकार मानते. मंडळी, तुमी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल आभार. या शिवलेल्या ओठातून शब्द वाकडेतिकडे निघतात. उणंअधिक झालं असन तर पोटात घाला.